उतारावरचं घर आणि त्याची अंगणं

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरतीनंतर आणि प्रसादाआधी बोलायला उभ्या राहिलेल्या वक्त्याकडे श्रोत्यांचं किती लक्ष असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. मीही इतकी वर्षं तुमच्यातच बसून, मोदकांच्या वासाकडे लक्ष ठेवून व्याख्यानं ऐकत आले आहे. तेव्हा फार ताणणार नाही.

आत येताना दोघा-तिघांनी विचारलं, "वास्तूवर बोलणार ना? मग आमचं देवघर कुठे असावं तेही सांगा." त्यांची आधीच माफी मागते. ईशान्येला काय आणि नैर्ऋत्येला काय, हा माझा प्रांत नाही. मी आर्किटेक्ट आहे. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ऊन कधी आत शिरतं, माती कुठल्या बाजूने रेटते आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी स्वयंपाकघरापर्यंत कशा चालत जातात, एवढंच मी पाहते. आज बोलायचं आहे ते उतारावरच्या, पाण्याकाठच्या, नव्या पद्धतीच्या घराबद्दल, आणि अशा घरात अंगणाचं काम काय असतं त्याबद्दल.

हा विषय आपल्यासाठी दूरचा नाही. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबं भेलच्या निमित्ताने १९६० च्या दशकात इथे आली. काही त्याआधीपासून इंदूर, ग्वाल्हेर, धार, उज्जैनची. क्वार्टर सुटलं की प्रत्येकाच्या मनात एकच चित्र असतं: टेकडीवर एक प्लॉट, समोर मोठा तलाव आणि संध्याकाळचा चहा. चित्र सुंदर आहे. पण ते जमिनीवर उतरवताना जे होतं, ते बघून मला बोलावंसं वाटलं.

आधी तलावाबद्दल दोन शब्द. अकराव्या शतकात परमार राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घातला आणि हा तलाव झाला, असं आपण मानत आलो आहोत. सुमारे ३६१ चौरस किलोमीटर प्रदेशातलं पावसाचं पाणी वाहत त्याच्यात येतं. २००२ साली मोठा आणि छोटा तलाव मिळून 'भोज वेटलँड' या नावाने रामसर यादीत आले. भदभद्याची दारं उघडली की आपण मुलाबाळांना घेऊन बघायला जातो, ती तलावाची पातळी १६६६.८० फुटांवर पोहोचली की उघडतात. या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे शहराच्या मोठ्या भागाला प्यायचं पाणी याच तलावातून मिळतं. टेकडीवरून आपण जे सोडतो, ते शेवटी ज्या पाण्याकडे जातं त्यावरच कितीतरी घरांचे नळ चालतात. हे आज माझं बोलणं ऐकताना डोक्यात राहू द्या.

आता एक उदाहरण घेते. कुटुंब आपल्यातलंच आहे, नाव सांगत नाही. काका निवृत्त, काकू शाळेतून निवृत्त व्हायच्या बेतात, काकांच्या आई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, मुलगा बंगळुरूला. प्लॉट साठ फूट रुंद आणि शंभर फूट खोल. रस्ता वर, पूर्वेला. तलाव खाली, पश्चिमेला, मधे बरंच अंतर सोडून. रस्त्यापासून मागच्या कुंपणापर्यंत जमीन बावीस फूट उतरते. म्हणजे दोन मजली घराची उंची त्या शंभर फुटांत संपते.

माझ्याकडे यायच्या आधी त्यांनी एका ठेकेदाराला जागा दाखवली होती. त्याचा सल्ला सोपा होता. खाली बावीस फुटांची भिंत बांधा, आत भराव टाका, प्लॉट रस्त्याच्या पातळीला आणा आणि वर सपाट जमिनीवर बांधतात तसं घर बांधा. तलावाच्या बाजूला पूर्ण काच. सांडपाण्याचा प्रश्नच नाही, कारण उतार आहे. पाईप टाकला की आपोआप खाली जाईल.

याचा हिशोब करून बघू. बावीस फूट उताराचा सरासरी भराव अकरा फूट. साठ गुणिले शंभर गुणिले अकरा, म्हणजे सहासष्ट हजार घनफूट. एका डंपरमध्ये चारशे घनफूट धरले तरी दीडशेहून जास्त खेपा. आणि इतकी माती आणायची कुठून? कुठली तरी दुसरी टेकडी खणूनच ना?

त्याहून महत्त्वाचं भिंतीचं गणित. माती भिंतीला रेटते. भिंतीची उंची दुप्पट केली की हा रेटा दुप्पट होऊन थांबत नाही, चौपट होतो. आणि भिंत उलथवून पाडायला बघणारा जोर तर आठपट होतो. त्यात पावसाळ्यात मागे पाणी तुंबलं, तर मातीच्या जोडीला पाण्याचाही रेटा. त्यात भराव काळ्या मातीचा असला, तर ती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आपल्या माळव्यातल्या मंडळींना काळी माती काय करते ते सांगायला नको. घराचं सगळं वजन अशा भरावावर उभं करायचं आणि मग दर पावसाळ्यात फरशीच्या भेगा मोजत बसायचं.

मी काका-काकूंना कागद-पेन्सिल काढण्याआधी एक विनंती केली. "एका रविवारी माझ्याबरोबर भारत भवनात चला." काका म्हणाले, "अगं, तीस वर्षं जातोय आम्ही, नाटकांना." मी म्हटलं, "या वेळी नाटक नको बघायला, इमारत बघू."

भारत भवन तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. श्यामला हिल्सवर, तलावाच्या अगदी काठाशी, १३ फेब्रुवारी १९८२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. हे तेच कोरिया, ज्यांनी १९६० च्या दशकात आणखी दोघांसोबत नवी मुंबईची कल्पना मांडली. अरेरा हिल्सवरचं आपलं विधानभवनही त्यांचंच, १९९६ चं. २०१५ साली ते गेले. पण भोपाळमध्ये त्यांचा एक पाठ कायमचा उघडा पडला आहे, आणि आपण तो तिकीट हातात घेऊन ओलांडून जातो.

रस्त्यावरून गेलं तर भारत भवन फारसं दिसतच नाही. दिसतात त्या गच्च्या, हिरवळ आणि मधूनमधून वर आलेले झरोके. कारण इमारत उतारावर चढवलेली नाही, उतारात उतरवलेली आहे. आपण वरून आत शिरतो आणि पायऱ्यांनी खाली जात राहतो. एक चौक लागतो, त्याच्याभोवती दालनं. आणखी खाली गेलं की दुसरा चौक. खालच्या दालनाचं छत ही वरच्याची गच्ची. तलाव एकदम दिसत नाही. एका कोपऱ्यात थोडा, मग भिंतीआड, मग पुन्हा. शेवटी 'बहिरंग'च्या पायऱ्यांवर बसलं की पूर्ण समोर येतो.

काकू त्या दिवशी एका चौकात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथे आपण जमिनीखाली आहोत, पण तळघरात असल्यासारखं वाटत नाही." मला जे दाखवायचं होतं ते त्यांनीच बोलून दाखवलं. उतारात घर खाली उतरवलं की एका बाजूला माती येतेच. ती माती खोलीच्या भिंतीला चिकटली तर ते तळघर: ओल, अंधार, कोंदट वास. पण माती आणि खोली यांच्या मधे एक अंगण ठेवलं, तर मातीची भिंत अंगणाची होते, खोलीची राहत नाही. ओल आली तर अंगणाच्या भिंतीला येईल, तिथे शेवाळ येईल, नेचे उगवतील. तुमच्या कपाटातल्या पैठणीला बुरशी लागणार नाही.

सपाट जमिनीवर अंगण उजेड देतं, वारा देतं, तुळशीला जागा देतं. उतारावर त्याच्यावर आणखी एक जबाबदारी येते. तिथे ते घराला मातीपासून आणि पाण्यापासून वेगळं ठेवतं. म्हणून उतारावरच्या घरात अंगण हौसेसाठी शेवटी घालायची गोष्ट नसते. कागदावर पहिली रेघ अंगणाची यायला हवी, मग खोल्यांची.

आता काका-काकूंच्या घराचं काय केलं ते सांगते.

बावीस फुटांचे दोन टप्पे केले, अकरा-अकरा फुटांचे. एका उंच भिंतीऐवजी दोन बुटक्या भिंती. मघाचं गणित लावा. प्रत्येक भिंतीवरचा रेटा मूळच्या चौथा हिस्सा, दोन्ही मिळून निम्मा. भिंतींच्या मागे काळी माती अजिबात नाही; दगड आणि मुरूम. भिंतीत ठरावीक अंतरावर पाणी निघायची भोकं, आणि त्यांच्या मागे खडी, म्हणजे माती वाहून येऊन ती बुजणार नाहीत. वरच्या थरातली काळी माती काढून ठेवली, ती खालच्या बागेत गेली.

वरच्या टप्प्यावर, रस्त्याच्या पातळीला, मुख्य घर. बारा बाय चौदा फुटांचा चौक आणि त्याच्याभोवती बैठक, स्वयंपाकघर, देवघर, आजींची खोली आणि काका-काकूंची खोली. या सगळ्यात एकही पायरी नाही, उंबरठाही नाही. उतारावरच्या घराची सगळ्यांना जी भीती असते, की म्हातारपणी पायऱ्या कोण चढणार, तिचं उत्तर हेच: ज्यांना चढवत नाही त्यांचं सगळं आयुष्य एका पातळीवर राहिलं पाहिजे. उतार बाकीच्यांनी चढावा-उतरावा.

त्याच्या पुढे अकरा फुटांची भिंत, आणि तिच्या पायाशी खालचं अंगण. चौदा फूट रुंद आणि लांबट, दोन्ही टोकांना मोकळं. अंगणापलीकडे खालच्या टप्प्याच्या खोल्या: मुलगा-सून आले की त्यांची, पाहुण्यांची आणि एक कामाची. या खोल्यांना एका बाजूला अंगण, दुसऱ्या बाजूला तलाव. दोन्हीकडून उजेड, आरपार वारा. आणि त्यांचं छत बरोबर वरच्या घराच्या जमिनीच्या पातळीला आणलं. ते वरच्या घराची गच्ची झालं. अंगणावरून चार फूट रुंदीचा एक छोटा पूल टाकला. आजी व्हीलचेअरवरून बैठकीतून निघतात, पुलावरून थेट गच्चीवर जातात आणि तलावासमोर बसतात. खालच्या खोल्यांत काय चाललंय ते पुलावरून वाकून बघतात, आणि त्यावर मतही देतात.

वरून खाली जायला बावीस पायऱ्या. सहा इंच उंच, एक फूट रुंद, आणि मधे बसायला ऐसपैस चौथरा. ज्यांनी महेश्वरचा घाट पाहिला आहे त्यांना चौथऱ्याचं महत्त्व सांगायला नको. चढताना दम लागला की माणूस थांबतो, आणि थांबायची जागा असली की तिथे गप्पा होतात.

महेश्वरचं नाव निघालं म्हणून सांगते. अहिल्याबाईंचा वाडा आठवा. नर्मदेच्या काठावर, किल्ल्यावर, नदीपासून चांगला उंच. ज्या बाईने काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि मंदिरं बांधली, तिचं स्वतःचं राहणं साध्या लाकडी खांबांच्या, चौकाच्या वाड्यात. तिथे नर्मदा जवळ आहे, पण घर नदीकडे तोंड वासून उभं नाही. राहणं चौकाभोवती, आणि नदीकडे जायचं तर पायऱ्या उतरून जायचं. आम्ही वाड्याची नक्कल केली नाही. काकांच्या घरात सिमेंट आहे, स्टील आहे, सोलर हीटर आहे. खांबांवर कोरीव कमळं नाहीत. वाड्याकडून घेतली ती फक्त रीत: जगायचं अंगणाभोवती, पाण्याकडे जायचं ते ठरवून.

इथेच काकूंचा आणि माझा वाद झाला. त्या म्हणाल्या, "अगं, तलाव दिसावा म्हणून इतका महाग प्लॉट घेतला, आणि तू तिकडेच भिंत घालतेस? मला तर पूर्ण काच हवी होती."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण आपला तलाव पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी तीन ते सूर्यास्त, पारा चाळिशीच्या वर, आणि सूर्य थेट काचेवर. दुपारच्या उंच सूर्याला छज्जा अडवतो. पश्चिमेचा सूर्य खाली आलेला असतो, तो छज्ज्याखालून सरळ आत येतो. आणि पाण्याकाठी सूर्य दोनदा येतो, एकदा आकाशातून आणि एकदा पाण्यावरून उसळून.

मी त्यांना एका फार मोठ्या वास्तुविशारदाची गोष्ट सांगितली. सिडनीचं ऑपेरा हाउस ज्यांनी कल्पिलं, ते डेन्मार्कचे योर्न उट्झोन. त्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनच्या मायोर्का बेटावर, समुद्राच्या कड्यावर स्वतःसाठी घर बांधलं. तिथल्याच पिवळसर दगडाचं, एका घराऐवजी वेगवेगळ्या लहान वास्तू आणि त्यांच्यामधे अंगणं. खिडक्या दगडाच्या खोल कोनाड्यांसारख्या, जेणेकरून समुद्र दिसावा पण ऊन थेट येऊ नये. जगभरचे विद्यार्थी ते घर अभ्यासतात. आणि इतकी काळजी घेऊनही समुद्राच्या सततच्या चकाकीचा उट्झोन यांच्या डोळ्यांना त्रास होऊ लागला. पुढे त्यांनी त्याच बेटावर आत, डोंगराच्या बाजूला दुसरं घर बांधलं आणि तिकडे राहायला गेले. ज्याने इतक्या खोल खिडक्या केल्या त्याची ही कथा. आपण तर पूर्ण काच लावायला निघालो होतो.

तोडगा असा निघाला. तलावाच्या बाजूला आठ फूट खोल ओसरी. तिच्या कडेला सरकत्या लाकडी जाळ्या, उन्हाळ्यात दुपारी ओढून घ्यायच्या, सूर्य बुडाला की सारायच्या. आणि प्रत्येक खोलीला तलावाकडे एकच खिडकी, पण चांगली मोठी, बसता येईल अशा कट्ट्याची. दिवसभराचा उजेड अंगणातून, संध्याकाळचा तलाव ओसरीवरून. काकू मला आता सांगतात की दिवसभर समोर नसतो म्हणूनच संध्याकाळी तो बघायला उठून जावंसं वाटतं. पण हे त्या काकांसमोर कबूल करत नाहीत.

अंगणात ऊन किती येतं, हेही गणितच आहे. विदिशेला जाताना रस्त्यात कर्कवृत्ताची पाटी लागते. भोपाळ तिच्या जेमतेम दक्षिणेला. म्हणून २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीला सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो, आणि डिसेंबरात दुपारी क्षितिजापासून साधारण ४३ अंशांवर. खालचं अंगण दक्षिणोत्तर लांब आणि दक्षिणेला मोकळं ठेवलं, म्हणून थंडीत दुपारचं ऊन आत खोलवर पोहोचतं. तिथे लोणची आणि पापड वाळतात. पश्चिमेचं ऊन मात्र समोरच्या खोल्या अडवतात, त्यामुळे उन्हाळ्यात चार वाजता अंगणात सावली असते. एक प्राजक्त लावला. पिंपळ, वड भिंतीजवळ कधीही नको. त्यांची मुळं भिंत शोधत येतात.

आता पाणी, म्हणजे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग.

भोपाळला वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. दोन हजार चौरस फुटांच्या छपरावर म्हणजे दोन लाख लिटर. त्यातलं थोडं उडालं, थोडं सुरुवातीचं मळकं सोडून दिलं, तरी दीड लाखाच्या वर हाताशी येतं. वरच्या चौकाखाली उतारामुळे पोकळी आपोआपच होती. तिथे सहा फूट खोल टाकं केलं, अठ्ठावीस हजार लिटरचं. अहमदाबादच्या पोळांमधल्या जुन्या घरांत चौकाखाली अशीच टाकी असतात. टाकं वर आहे म्हणून खालच्या बागेला पंप लागत नाही, नळ सोडला की पाणी जातं. टाकं भरून वाहू लागलं की जादा पाणी बंद पाईपातून थेट बागेच्या तळाला, शोषखड्ड्यात. शोषखड्डा भिंतीच्या वरच्या अंगाला कधीही करू नका. तिथे जमिनीत मुरलेलं पाणी भिंतीच्या पाठीवर जाऊन बसतं.

खालच्या अंगणाला पाणी बाहेर जायला एक वाट ठेवून भागत नाही, दोन हव्यात. प्राजक्ताच्या पानांनी एक तुंबली तर दुसरी चालू हवी. अंगणाची फरशी खोल्यांपेक्षा सहा इंच खाली. आणि वाट म्हणजे उघडी पन्हळ, घराच्या बाजूने, डोळ्यांना दिसेल अशी. जमिनीखालचा पाईप तुंबला तर कळतं तेव्हा पाणी पलंगाखाली आलेलं असतं. बागेच्या शेवटच्या उतारावर वाळा लावला. त्याची मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात, आणि उन्हाळ्यात माठात टाकायलाही होतात.

राहिला प्रश्न सांडपाण्याचा. काकांनी अगदी व्यवहारी प्रश्न विचारला, "सीवेज लाइन वरच्या रस्त्याला. खालच्या संडासांचं वर चढवायला पंप लावायचा, वीज जाळायची? उतार फुकट असताना?"

उतार फुकट आहे खरा. पण तो उतार कुठे संपतो? आपल्या घरासमोर कुंपण असतं, म्हणून आपल्याला वाटतं की आपली हद्द तिथे संपली. पाण्याला ते कुंपण दिसत नाही. म्हणून या घरात नियम उलटा ठेवला: पावसाचं स्वच्छ पाणी खाली जाईल, घरातलं मैलं पाणी वर चढेल. खाली एक बंद टाकी, त्यात दीड दिवसाचं पाणी मावेल, म्हणजे वीज गेली तरी पंचाईत नाही. पंप दिवसातून थोडा वेळ चालतो. काकांनी माझ्या हातात हिशोब ठेवला, किती खर्च येईल याचा. आजी बाजूलाच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा करत नाहीत. एवढं साधं आहे." त्यानंतर पंपावर चर्चा झाली नाही.

या घराला दोन पावसाळे झाले. अंगणाच्या मोठ्या भिंतीवर शेवाळ आलं आहे, भोकांतून पाऊस थांबल्यावरही थोडा वेळ पाणी ठिबकत असतं. खोल्या कोरड्या आहेत. भिंत तिचं काम करते आहे.

सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. अंगणाच्या घराला बाहेरच्या भिंती जास्त लागतात, म्हणून बांधकामाचा खर्च वाढतो. भरावाचे पैसे वाचले त्यातले बरेचसे इकडे गेले. माकडं येतात. वाळवणावर राखण ठेवावी लागते. पानं रोज काढावी लागतात. जोराच्या पावसात चौकाभोवतीच्या पडवीतून जाताना पाय ओले होतात. ज्यांना हे नको असेल त्यांनी सपाट जागेवर घर किंवा चांगला फ्लॅट घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. उतारावर जागा घेऊन ती सपाट करू नये, एवढीच माझी विनंती. उतार नको असेल तर तो विकत कशाला घ्यायचा?

ज्यांच्या मनात असा प्लॉट आहे, त्यांनी बयाणा देण्याआधी चार गोष्टी कराव्यात. पहिली, तलावाची पूर्ण पातळी आणि तिच्याभोवतीचं बांधकामबंदीचं अंतर कुठे येतं, ते सरकारी नकाशावर आणि प्रत्यक्ष जागेवर, दोन्हीकडे पाहून घ्यावं; दलालाच्या बोटावर विश्वास ठेवू नये. दुसरी, सर्व्हेयरकडून उंचीच्या रेषांचा नकाशा करून घ्यावा. त्याशिवाय काढलेला प्लॅन म्हणजे माप न घेता शिवलेला सदरा. तिसरी, सीवेज लाइन जागेच्या वर आहे की खाली, हे विचारावं, आणि खाली असेल तर ती खरोखर कुठे जाऊन मिळते हेही. चौथी, एकदा तरी भर पावसात छत्री घेऊन त्या जागेवर तासभर उभं राहावं. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे थांबतं, ते जमीन स्वतः दाखवते. कुठलाही आर्किटेक्ट त्याहून जास्त सांगू शकत नाही.

आपण सगळे इथे बाहेरून आलेले. कोणाचे आजोबा आले, कोणी स्वतः आलो. या शहराने आपल्याला नोकरी दिली, शाळा दिल्या, मंडळाला जागा दिली आणि पाणी दिलं. उतारावर जो वर राहतो, त्याने खालच्याचा विचार करायचा असतो, ही गावाकडची साधी रीत आहे. इथे खाली तलाव आहे, आणि त्याच्याही खाली त्या पाण्यावर जगणारी हजारो घरं. वर बसून ते पाणी नुसतं बघायचं नाही, ते सांभाळायचंही आहे.

स्वयंपाकघरातून खुणा सुरू झाल्या आहेत, म्हणजे माझी वेळ संपली. कोणाला आपला प्लॉट, नकाशा किंवा घरातली ओल याबद्दल विचारायचं असेल तर प्रसाद घेता घेता अवश्य विचारा. 

गणपती बाप्पा मोरया!